दारावरची डहाळी

श्रियालता एकनायके हिच्या आयुष्यातली चौदा वर्षं धड खाटेवर गेली नाहीत. यात तिच्या नवऱ्याचा काही दोष नाही. रणबंडा बिचारा सायकली दुरुस्त करणारा माणूस. कडुगन्नावाच्या घाटाखालच्या घरात त्याने फणसाच्या लाकडाची चांगली ऐसपैस खाट करून ठेवली होती, आणि तिच्यावर तो एकटाच झोपत होता. पहिली अकरा वर्षं श्रियालता कुवेतमध्ये एका घरी कामाला होती. तिथं स्वयंपाकघरात, कपडे धुण्याच्या मशीनच्या मागं, फरशीवर तिचं अंथरूण. मालकिणीचा ड्रायव्हर एके दिवशी काम सोडून गेला आणि मुलांना शाळेत सोडायला कुणी उरलं नाही, तेव्हा "मला येते गाडी" असं हिनं बेधडक ठोकून दिलं. मग दोन दिवसांत अंगणातल्या भिंतीला दोनदा धडकून ती खरोखरच शिकली.

कटुनायकेच्या विमानतळावर कायमची उतरली त्या दिवशी तिनं रणबंडाला सांगितलं, "फरशी संपली. या जन्मात आता मी कुणाच्या फरशीवर झोपणार नाही." रणबंडानं मान हलवली. तो बहुतेक गोष्टींना मान हलवतो आणि त्यांचा संसार त्यावर उत्तम चालला आहे.

पुढं तिनं व्हॅन घेतली आणि पर्यटकांना सगळं बेट फिरवून दाखवणाऱ्या ड्रायव्हर-गाइडचं लायसन काढायचं मनावर घेतलं. त्या परीक्षेला राजांच्या वंशावळी पाठ लागतात, पक्ष्यांची नावं लागतात, कुठल्या तळ्याचा बांध कुणी घातला ते लागतं. श्रियालतानं सगळं घोकलं. तोंडी परीक्षेला समोर तीन साहेब बसले होते. त्यांतल्या मधल्यानं विचारलं, "बाई, रानात एकट्या असताना टायर पंक्चर झालं तर काय कराल?"

"बदलीन," ती म्हणाली. "तुम्ही काय करता, मात्तया?"

मात्तया म्हणजे साहेब, आणि या साहेबाला बहुधा टायर बदलता येत नसावं. त्यानं पुढचा प्रश्न राजांवर विचारला. लायसनाचा बिल्ला गळ्यात घालून ती घरी आली तेव्हा घाटाखालच्या सगळ्या बायका तो हातात घेऊन बघून गेल्या.

आता या धंद्यात एक रीत आहे. पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला हॉटेलनं जेवण आणि खाट द्यायची. कुणी उपकार म्हणून देत नाही. "त्या हॉटेलात उशा कुबट असतात" एवढं ड्रायव्हरनं गाडीत सहज बोलून जावं, की पुढचे चार पाहुणे दुसरीकडे वळतात. म्हणून प्रत्येक हॉटेलच्या मागच्या अंगाला, बहुतेक जनरेटरच्या शेजारी, ड्रायव्हरांची खोली असते. सहा-आठ खाटा, एक न्हाणीघर, खुंटीवर लुंग्या आणि कोपऱ्यात ओमी खेळायचे पत्ते. रीत अशी की ती खोली पुरुषांची. तसं कुठं लिहिलेलं नाही. लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तर तीन वर्षं श्रियालता व्हॅनमध्ये झोपली. सिगिरियाला उकाडा आणि डास, खाली समुद्राकडं नुसताच घाम, आणि वर नुवारा एलियाला हाडं फोडणारी थंडी. काचांना टॉवेल लावायचे, मागची सीट पाडायची आणि सकाळी बागेतल्या नळावर तोंड धुवायचं. प्रत्येक मॅनेजरला ती विचारायची आणि प्रत्येक मॅनेजर कानांवर हात ठेवायचा. मागच्या जानेवारीत नुवारा एलियाच्या गारठ्यात तिला ताप भरला. तशीच सकाळी गाडी काढून ती खाली निघाली आणि रंबोडाच्या वळणावर तिचा डोळा लागला. क्षणभरच. व्हॅनचं अंग दगडी कठड्याला घासत गेलं, मागं बसलेली दोन माणसं किंचाळली आणि ती जागी झाली. कठड्यापलीकडं काय होतं ते तिनं बघितलं नाही. तो ओरखडा तिनं अजून रंगवून घेतलेला नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "राहू दे, आठवण आहे."

त्यानंतर ती हॉटेलांशी भांडायला लागली, आणि हॉटेलं कोलंबोत कंपनीला फोन करायला लागली. तिची व्हॅन ज्या कंपनीच्या कामाला होती तिथले समरक्कोडी मॅनेजर गोड बोलणारे. यंदाच्या फेऱ्या सुरू होताना त्यांनी तिला बोलावून घेतलं, कोरा चहा पाजला आणि म्हणाले, "श्रिया, तुझं काम चोख आहे. पण तुझ्यापायी माझा फोन तापतो. आणखी एका हॉटेलातून तक्रार आली, तर पुढच्या महिन्यापासून तुला फक्त विमानतळ. पाहुणे आणायचे, पाहुणे सोडायचे, संध्याकाळी घरी. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

विमानतळ म्हणजे काय हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. दगडी सिंह नाहीत, चहाचे डोंगर नाहीत, हत्ती नाहीत. नुसता रस्ता, सामान आणि झोपेत असलेली माणसं. पाठ केलेले सगळे राजे तोंडातच राहायचे. श्रियालता चहा संपवून उठली. मात्तया माझं भलं मला विचारून ठरवा, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं.

या फेरीचे पाहुणे बेल्जियमचे, नवरा-बायको, साठी ओलांडलेले. लुक आणि ग्रीत. पहिला मुक्काम सिगिरियाला. सकाळी सहा वाजता लुक मात्तया बागेत फिरायला आला, तर आपली गाइड नळावर दात घासते आहे आणि व्हॅनच्या काचांना टॉवेल लटकले आहेत, हे त्यानं बघितलं. सकाळभर सिगिरियाच्या सिंहखडकाच्या पायऱ्या चढताना, वरच्या अप्सरांची चित्रं बघताना त्याचं लक्ष नव्हतं. उतरून सावलीत बसल्यावर म्हणाला, "मी चौतीस वर्षं ट्राम चालवली. आमच्याकडं ड्रायव्हरची झोप झाली नसेल तर गाडी डेपोच्या बाहेर निघत नाही."

"आमच्याकडं झोप झाली नसेल तरी निघते," श्रियालता म्हणाली. "आणि वर हसतमुखानं निघते."

"मी तुमच्यासाठी खोली घेतो. सगळ्या मुक्कामांना. मला काही जड नाही."

"नको."

"का पण?"

ती विचार करून बोलली, कारण माणूस भला होता आणि त्याला टोचावं असं तिच्या मनात नव्हतं. "मात्तया, तुम्ही खोली घेतलीत तर ती तुमची खोली. मी तुमच्या उपकाराची पाहुणी. हॉटेल म्हणेल, बघा, प्रश्न सुटला. आणि पुढच्या फेरीला मी पुन्हा नळावर. माझ्या वाटणीची खाट तिथं आहेच. तेवढीच मला हवी आहे."

लुकनं मान हलवली, पण रणबंडासारखी नाही. त्याला कळलं होतं.

दुपारी ते हबरणेच्या रानाकडं निघाले. रान सुरू होतं तिथं श्रियालतानं व्हॅन थांबवली, खाली उतरली, हाताशी आलेली एक हिरवी डहाळी मोडली आणि रस्त्याकडेच्या झाडाच्या खाचेत अडकवली. तिथं आधीच पंधरा-वीस डहाळ्या लटकत होत्या, काही हिरव्या, काही पार वाळलेल्या. ती हात जोडून परत आली, तेव्हा ग्रीतबाईंनी विचारलं.

"अय्यनायक देवाला," श्रियालता म्हणाली. "रान त्याचं, हत्ती त्याचे. आम्ही येतोय, वाट दे, सांभाळ, एवढं सांगून आत जायचं."

"आणि त्या वाळलेल्या? त्या कुणी काढत नाही?"

"डहाळी लावणाऱ्यानं लावायची. पडायची तेव्हा आपणहून पडेल. काढायची नाही कुणी." काढणाऱ्याचं काय होतं हे सांगणारे रानाकाठी शंभर भेटतील आणि काढून पाहिलेला एकही भेटणार नाही.

मैलभर पुढं मोठा सुळेवाला हत्ती रस्त्याच्या मधोमध उभा. श्रियालतानं इंजिन बंद केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागं एक मोठी गाडी येऊन थांबली आणि तिच्या खिडकीतून पांढऱ्या मिशांचं एक डोकं बाहेर आलं. करुणापाल. तीस वर्षं याच रस्त्यांवर काढलेला, सगळ्या ड्रायव्हरांचा थोरला भाऊ, म्हणून सगळे त्याला करुणापाल अय्या म्हणतात.

"अगं कुवेत अक्का! बाजूला घे जरा, आम्ही जातो कडेकडेनं. माझ्या पाहुण्यांना उशीर होतोय."

"जा की," ती म्हणाली. "डहाळी लावलीस ना, अय्या?"

करुणापालचं तोंड उतरलं. गप्पांच्या नादात तो विसरला होता. डोकं आत गेलं आणि काच वर झाली. पस्तीस मिनिटांनी सुळेवाल्याला कंटाळा आला आणि तो झाडीत गेला. पुढच्या वळणावर तिनं आरशात बघितलं, तर मोठी गाडी तिथंच थांबली होती आणि म्हातारा झुडपात डहाळी मोडत होता. आत शिरल्यानंतर लावलेली डहाळी देव धरतो का नाही, हे त्यालाच ठाऊक.

त्या संध्याकाळी ते कँडीला आले. बुद्धाचा दात जपलेलं दंतमंदिर दाखवून झाल्यावर श्रियालता कडुगन्नावाला घरी गेली. फणसाच्या खाटेवर एक झोप, रणबंडाच्या हातचे आप्पम आणि नारळाची लालभडक चटणी. सकाळी निघताना रणबंडा म्हणाला, "वर थंडी असेल. दोन घोंगड्या टाकल्यात. आणि भांडू नकोस."

"मी कधी भांडते?"

यालाही रणबंडानं मान हलवली.

रंबोडाच्या वळणावर आलं की ती नेहमी धबधब्यापाशी थांबते. पाहुणे फोटो काढत होते, तेव्हा ती व्हॅनला वळसा घालून त्या बाजूला गेली, जिथं ओरखडा आहे. दगडी कठड्यावरही पांढऱ्या रंगाची एक रेघ अजून होती. पलीकडं तिनं आज पहिल्यांदा वाकून बघितलं. खाली चहाच्या मळ्यांत पानं खुडणाऱ्या बाया दिसत होत्या, एवढ्या खाली की त्यांच्या पाठीवरच्या टोपल्या कळत नव्हत्या. मग तिला राग आला. तो राग नुवारा एलियाच्या हॉटेलातल्या विजेकोन मॅनेजरवर नव्हता, समरक्कोडीवर नव्हता, स्वतःवरच होता. आपण तीन वर्षं विचारत राहिलो. हत्ती काय विचारून रस्त्यात उभा राहतो?

डोंगरावरचं ते हॉटेल म्हणजे इंग्रजांच्या काळचा बंगला. समोर गुलाब, मागं सुरूचं कुंपण, आणि कुंपणाला लागून ड्रायव्हरांची खोली. चार वाजले होते आणि धुकं खिडक्यांपर्यंत उतरलं होतं. विजेकोन मॅनेजर स्वेटर घालून दारात उभे होते.

"या, मिस. जागेचं तुम्हाला माहीतच आहे. व्हॅन मागं लावा. रबरी पिशवीत गरम पाणी पाठवतो."

"ड्रायव्हरांच्या खोलीच्या पाठीमागं एक छोटी खोली आहे," श्रियालता म्हणाली. "खिडकीची. तीन वर्षं तुम्हाला सांगतेय."

"ती अडगळीची आहे. भरलेली आहे."

"मग रिकामी करा."

"मिस, गेल्या वेळेलाही बोललो. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," श्रियालता म्हणाली. ती इतकी लगेच "बरं" म्हणाली की विजेकोनना खरं तर तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

तिनं व्हॅन मागं लावली. घोंगड्या आणि पिशवी काढली. जाता जाता सुरूच्या कुंपणाची एक डहाळी मोडली आणि ड्रायव्हरांच्या खोलीच्या दारावर जो कंदिलाचा खिळा आहे, त्याला नीट अडकवली. हात जोडले आणि आत गेली.

आत सहा जण होते. लुंग्या, कानटोप्या, मधे खोक्यावर पत्ते. करुणापालचा डाव रंगात आला होता. श्रियालता दारालगतच्या रिकाम्या खाटेपाशी गेली, घोंगडी अंथरली, पिशवी उशाला ठेवली आणि खाटेवर बसून बूट सोडायला लागली. पत्ता टाकायला उचललेले हात तसेच राहिले.

"अक्का," एकानं घसा साफ केला. "काही पाहिजे होतं का?"

"नाही. झालं. खाट मिळाली."

"इथं?"

"आठ खाटा आहेत, तुम्ही सहा. सातवी माझी. मोजून बघ, मल्ली," ती धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली.

करुणापालनं पत्ते पालथे ठेवले. "कुवेत अक्का, चेष्टा पुरे. आम्ही पुरुषमाणसं. जरा पाय पसरायचे, जरा घोट घ्यायचा, जरा शिव्या द्यायच्या. तू इथं बसलीस तर आम्ही काय करायचं?"

"पाय पसर, अय्या. मी बघितलेत पाय. अकरा वर्षं एका घरातल्या पाच पुरुषांचे कपडे धुतलेत. लाजायचं मी कधीच सोडलंय, तू नवीन लाजू नकोस."

"लोक काय म्हणतील? तुझ्या नवऱ्याला काय वाटेल?"

"त्याला वाटतं मी वर थंडीत मरेन. त्यानं दोन घोंगड्या दिल्यात, बघ. तुझ्या बायकोला काय वाटेल ते तू बघ." मग ती थांबली आणि तिचा आवाज बदलला. "आणि खरं सांगू? जानेवारीत मी इथून बाहेरच्या बाहेर तापात निघाले. रंबोडाला कठड्याला घासले. मागं दोन माणसं होती. तुम्ही सगळे त्या रात्री इथं झोपला होतात, दारं लावून. मी गेले असते तर तुम्हीच माझ्या घरी मयताचे पांढरे झेंडे लावायला आला असता. फार वाईट वाटलं म्हणून सांगितलं असतंत रणबंडाला. आता वाटू दे ना थोडं."

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार वाजलं. करुणापालनं मिशीवरून हात फिरवला.

"तुला ती मागची खोली पाहिजे होती ना?" त्यानं विचारलं.

"पाहिजे होती. नाही मिळाली. ही मिळाली. आता मला हीच बरी वाटतेय, उबदार आहे."

मग ती घोंगडी पांघरून भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तुम्ही कधी सहा प्रौढ पुरुषांना एका बाईच्या पाठीसमोर ओमी खेळताना बघितलंय का? एक शिवी अर्ध्यात गिळली गेली. एकाला न्हाणीघरात जायचं होतं, तो उठला, पुन्हा बसला. बाटली खोक्याखाली होती, ती खोक्याखालीच राहिली. हा सगळा तमाशा दहा मिनिटं चालला. मग करुणापाल उठला आणि म्हणाला, "चला रे. उठा सगळे."

अडगळीच्या खोलीत काय होतं? मोडक्या वेताच्या चार खुर्च्या, नाताळच्या चांदण्या, एक बिनदोरीची टेनिसची रॅकेट आणि अर्धी भिंत भरून रिकाम्या बाटल्या. त्या हॉटेलच्या नव्हत्या, ड्रायव्हरांनी रिचवलेल्या होत्या. तीन वर्षं विजेकोन "भरलेली आहे" म्हणत होते ते खोटं नव्हतं, फक्त कशानं भरली आहे ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. श्रियालता दारात उभी राहिली, बाटल्यांकडं बघितलं, करुणापालकडं बघितलं.

"ह्यांच्यापायी मी थंडीत झोपले?"

"अक्का, आता जाऊ दे ना," म्हातारा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीनं नव्हे.

तासाभरात खोली रिकामी झाली. मोठ्या खोलीतली खाट आत आली. मग करुणापालच्या लक्षात आलं की दाराला कडी बाहेरून आहे, अडगळीच्या खोलीला असते तशी. तो काही न बोलता गाडीतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, कडी काढली आणि आतल्या बाजूनं बसवली. श्रियालतानं मोठ्या दारावरची सुरूची डहाळी काढली नाही. अडकवलेली काढायची नसते. तिनं दुसरी मोडून आणली आणि त्या छोट्या दारावर लावली.

तेवढ्यात विजेकोन आले. खुर्च्या अंगणात, चांदण्या गवतावर, ड्रायव्हर केरसुण्या घेऊन. "हे काय चाललंय? कुणाच्या परवानगीनं?"

"देवाच्या," श्रियालतानं दारावर बोट दाखवलं.

"ही रानातली पद्धत आहे. इथं हत्ती कुठं आहेत?"

"हत्ती असते तर बरं झालं असतं. ते पस्तीस मिनिटांत बाजूला होतात. तुम्हाला तीन वर्षं झाली."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. विजेकोनना मिरच्या झोंबल्या. "काढा ते," ते म्हणाले. सहा ड्रायव्हरांतला एकही हलला नाही. हॉटेलचा झाडणारा माणूसही केरसुणी धरून दोन पावलं मागं सरकला. मग विजेकोननी स्वतःच हात वर केला. तो डहाळीपासून वीतभर अंतरावर थांबला. विजेकोन मोनरागलेचे. महिन्यातून एकदा ते मोटारसायकलनं घरी जातात आणि तो रस्ता कुठल्या रानातून जातो हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"कधी निघणार आहात, मात्तया, घरी?" करुणापालनं अगदी आपुलकीनं विचारलं.

विजेकोननी हात खाली घेतला, स्वेटर खाली ओढला आणि "कोलंबोला कळवतो" म्हणून निघून गेले.

म्हणजे तक्रार गेलीच. श्रियालतानं आतून कडी लावली आणि खाटेवर बसली. जे हवं होतं ते मिळालं होतं आणि त्यासाठी जे द्यायचं होतं तेही दिलं गेलं होतं, हे तिला नीट कळत होतं. दगडी सिंह, हत्ती, हा डोंगर. तिला थोडं रडू आलं. मग ती झोपली.

आणि अशी झोपली की सकाळी सात वाजून गेले तरी उठली नाही. तीन वर्षांत एकदाही उशीर न झालेली बाई! धावत बाहेर आली तेव्हा लुक आणि ग्रीत व्हरांड्यात सामान घेऊन बसले होते आणि विजेकोन घड्याळाकडं बघत उभे होते.

"बघितलंत?" विजेकोन पाहुण्यांना म्हणाले. "खाट दिली की असं होतं."

"मीच सांगितलं उठवू नका म्हणून," लुक म्हणाला. "डेपोचा नियम."

खाली उतरताना तिचा हात इतका हलका होता की एल्लाच्या घाटात ती गुणगुणत होती. दुपारी नऊ कमानींचा पूल दाखवला, कोरा चहा घेतला, माडाच्या गुळाचा खडा खाल्ला आणि मग डोंगर संपून खालचं उकाड्याचं रान लागलं. तिस्समहारामच्या अलीकडं तिनं रीतीप्रमाणं गाडी थांबवली. एक डहाळी झाडाला अडकवली, आणि दुसरी मोडून आपल्या बाजूच्या सीटवर ठेवली. इथलं हॉटेल वेगळं, मॅनेजर वेगळा. पुन्हा पहिल्यापासून सगळं. तिनं मनातल्या मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. चांगली तिखट वाक्यं होती.

पण करुणापालचा फोन तिच्याआधीच घाट उतरला होता. ती मागच्या अंगाला वळली, तर तिथं चार ड्रायव्हर एका कोपऱ्यातल्या खोलीतून खोकी, मोडका पंखा आणि बाटल्या काढत होते, आणि जोरजोरात कुरकुरत होते.

"आली बघा," एक जण ओरडला. "अक्का, जरा थांब! डहाळी लावू नकोस अजून! आमच्या चपला आत आहेत!"

श्रियालता डहाळी हातात घेऊन उभी राहिली. एवढी तयारी केलेली वाक्यं वाया गेली म्हणून तिला जरा हिरमुसल्यासारखंही झालं. तेवढ्यात फोन वाजला. समरक्कोडी मात्तया. आज आवाज गोड नव्हता.

"मी तुला सांगितलं होतं, श्रिया. विजेकोनचा फोन आला. ही फेरी संपव. पुढच्या महिन्यापासून तू विमानतळावर."

"बरं, मात्तया."

"बरं काय? ऐकलंस ना? लांबचं एकही काम नाही. फक्त विमानतळ."

"ऐकलं." समोर शेवटची चप्पल बाहेर पडली आणि खोली रिकामी झाली. तिनं पुढं होऊन डहाळी दाराच्या खिळ्याला अडकवली. "पहाटेची विमानं असतात ना, मात्तया? म्हणजे ड्रायव्हर आदल्या दिवशी तिथंच थांबतात. तिथल्या हॉटेलांमागं ड्रायव्हरांची खोली कुठल्या अंगाला आहे, तेवढं सांगून ठेवा."